सध्याचा पत्ता

दत्तरावांनी स्कूटीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. शेजारी आरसी, इन्शुरन्सचा कागद, सर्व्हिस बुक. शेवटी हेल्मेट ठेवलं. हेल्मेटच्या काचेवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

"विकून टाका मॅडम. पोरीला घरी घेऊन चाललो."

"दोनच महिने झालेत गाडीला. काही प्रॉब्लेम आहे का?"

"गाडीत काय न्हाई. गाडी लई चांगली हाय. प्रॉब्लेम पोरीत हाय."

पोरगी, म्हणजे पल्लवी, काचेच्या दाराजवळ नव्या गाड्यांच्या रांगेत उभी होती. तिला हे ऐकू गेलं. सकाळची वेळ, शोरूममध्ये गर्दी नव्हती, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं.

मी लातूरच्या एका टू-व्हीलर शोरूममध्ये आरटीओ डेस्क सांभाळते. डेस्कचं नाव आरटीओ असलं तरी मी सरकारी नोकर नाही. पूर्वी नवी गाडी घेतली की पासिंगसाठी ती आरटीओ ऑफिसात न्यावी लागायची. आता नव्या गाडीची नोंदणी शोरूममधूनच ऑनलाइन होते. गिऱ्हाइकाचं नाव, वय, मोबाइल, आधार, पत्ता, चॅसिस नंबर, इंजिन नंबर हे सगळं मी भरते, कागद स्कॅन करते आणि सरकारी पोर्टलवर पाठवते. तिकडून मंजुरी येते, नंबर पडतो. एकोणीस वर्षं हेच काम करतेय, आधी कागदावर, आता ऑनलाइन. आधी नांदेडच्या मुख्य शोरूममध्ये होते, सहा वर्षांपूर्वी लातूरची शाखा निघाली तेव्हा इकडे आले.

फॉर्ममध्ये पत्त्याचे दोन रकाने असतात. कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता. बहुतेकांचे दोन्ही एकच असतात. लातुरात मात्र ते वेगळे असलेलं एक मोठं गिऱ्हाईक आहे. क्लासला आलेल्या मुली. नांदेड, परभणी, बीदर, कुठून कुठून येतात. आईबाप खोली भाड्याने बघून देतात, मेस लावून देतात, आणि क्लास लांब असेल तर स्कूटी घेऊन देतात. जून-जुलैत माझ्या टेबलासमोर बापलेकींची रांग असते.

दत्तराव आणि पल्लवी त्या रांगेतलेच. दत्तरावांचं गाव इस्लापूर, किनवट तालुक्यात. घरची शेती आणि गावात पिठाची गिरणी. पल्लवी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती. पहिल्यांदा थोडक्यात हुकलं होतं.

मी पल्लवीला बोलावून खुर्ची दिली. ती बसली नाही.

"काय झालं, नीट सांगा," मी दत्तरावांना म्हटलं. "विकायची तर विकू. पण कागद करायच्या आधी मला कळू दे."

त्यांनी सांगितलं ते असं. गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांत पल्लवीला फोन यायला लागले. आधी इन्शुरन्सवाले, मग वॉरंटीवाले. मग अभ्यासिका, हॉस्टेल, मेस. पुढे पुढे कोणी पुरुष फोन करून नावानं हाक मारायला लागला. गाडीचा नंबर सांगायचा. खोली कुठे आहे ते सांगायचा. गेल्या आठवड्यात एक जण घराच्या फाटकाशी येऊन "पल्लवी आहे का" विचारून गेला. घरमालकाने इस्लापूरला फोन लावला: तुमच्या मुलीच्या ओळखीची पोरं येतात, आम्हाला हे चालणार नाही.

"आता तुमीच सांगा," दत्तराव म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक साधा, बटणांचा फोन काढला. "ह्यो तिचा फोन. गाडी घ्यायच्या आदल्या दिवशी नवं सिम काढून दिलं. नंबर माझ्याजवळ अन् तिच्या आईजवळ. तिसऱ्या मान्साजवळ न्हाई. मंग त्या पोट्ट्यांना नंबर दिला कोनं?"

"मी नाही दिला," पल्लवी म्हणाली.

"मंग काय गिरनीच्या पट्ट्यानं दिला?"

'मी नाही दिला' हे उत्तर तिने आठवडाभरात बऱ्याचदा दिलं असावं. आवाजात जोर उरला नव्हता.

नंबर तिसऱ्या माणसाजवळ होता. माझ्याजवळ होता. दत्तरावांनी स्वतः फॉर्मवर लिहून दिला होता. पण आपल्याकडे फॉर्मवर दिलेला नंबर कोणी दिलेला धरत नाही. तो सरकारात जमा झाला असं समजतात, विहिरीत दगड टाकावा तसा.

मला त्याच क्षणी शंका आली आणि मी ती बोलून दाखवली नाही. पोटापाण्याचा प्रश्न असला की माणूस आधी गप्प बसतो, मग विचार करतो.

"दत्तराव, ट्रान्सफरच्या कागदांना चार दिवस लागतात," मी म्हटलं. लागत नाहीत. "गुरुवारी या. तोवर मुलीला गावी नेऊ नका, तिची सही लागेल."

"चार दिवस कुठं थांबू?"

"लातुरात कोणी नाही?"

"शिरूर अनंतपाळला मेहुना हाय."

"मग पाहुणचार घ्या त्यांचा."

ते पल्लवीला घेऊन गेले. किल्ली आणि हेल्मेट माझ्याकडेच राहिलं. बोलता बोलता पल्लवीचा फोन मी हातात घेतला होता, तेव्हा आलेल्या कॉलमधले चार नंबर मी डायरीत उतरवून घेतले होते.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. सरकारी फॉर्मला जोडून शोरूमचा स्वतःचा एक फॉर्म असतो, ग्राहक माहिती पत्रक. दोन्ही एकाच पिनेने टाचलेले. गिऱ्हाइकाला वाटतं सगळंच सरकारी. शोरूमच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात एक वाक्य आहे: माझी माहिती कंपनी व तिच्या सहयोगी संस्थांना देण्यास माझी संमती आहे. पुढे चौकोन. त्या चौकोनात खूण कोणी करायची? गिऱ्हाइकाने. करतं कोण? मी. फॉर्म गिऱ्हाइकासमोर जायच्या आधीच सगळ्या चौकोनांत खुणा करून ठेवते आणि सही हवी तिथे पेन्सिलने फुल्या मारते. जिथे फुली तिथे सही. सात फुल्या, सात सह्या, दीड मिनिटात माणूस मोकळा. असं केलं नाही तर एका गाडीला अर्धा तास जातो. प्रत्येक शोरूममध्ये असंच चालतं.

दुसरी गोष्ट. दीड वर्षापासून दर शनिवारी मी एक एक्सेल फाइल एका कंपनीला मेल करत होते. या कंपनीने आमच्या शेठना एक सॉफ्टवेअर फुकट दिलं होतं. गिऱ्हाइकाला सर्व्हिसिंगची तारीख आली की त्या सॉफ्टवेअरमधून मेसेज जातो. बदल्यात आठवड्यात विकलेल्या गाड्यांची यादी त्यांना द्यायची. सर्व्हिसिंगच्या मेसेजला नाव आणि मोबाइल पुरतो. फाइलमध्ये मात्र सगळे रकाने जायचे. वयही, दोन्ही पत्तेही. मी एकदा विचारलं होतं, एवढं कशाला. उत्तर आलं, फॉरमॅट तसाच आहे मॅडम. मी पुन्हा विचारलं नाही.

मी डायरीतला पहिला नंबर लावला. बंद. दुसरा लावला. एका बाईने उचलला.

"मुलींसाठी एसी अभ्यासिका, मेससहित. बोला ना."

"तुम्ही माझ्या भाचीला फोन केला होता. तिचा नंबर कुठून मिळाला?"

"ताई, आमच्याकडे लिस्ट असते."

"कसली लिस्ट?"

"लिस्ट असते ताई. सर देतात, आम्ही फोन लावतो. तुमच्या भाचीला डेमो लेक्चर फ्री आहे."

"अभ्यासिकेत लेक्चर कशाला?"

"ते मला पण माहीत नाही," ती म्हणाली आणि हसली. साधी मुलगी होती. पत्ता विचारला तर तोही सांगून टाकला.

आमच्याकडे नंबर प्लेट बसवण्याचं काम शकीलभाई करतात. साठीचे आहेत. आजोबांच्या काळापासून गंजगोलाईजवळ त्यांचं सायकलचं दुकान होतं. ते चालेनासं झालं तेव्हा आमच्याकडे आले. लातुरात त्यांना माहीत नसलेली गल्ली नाही. मी त्यांना अभ्यासिकेचा पत्ता दाखवला.

"ये तो मेरे मामूजाद भाई की टेलरिंग के ऊपर है," ते म्हणाले. "चला. पण मॅडम, तुम्ही बोलू नका. तुम्ही बोललात की भांडण होऊन राहिलं समजा."

"मी भांडते कधी?"

"मागच्या महिन्यात बँकवाल्याशी कोण भांडत होतं? मी?"

जिना चढून गेलो. सर म्हणजे तिशीतला एक पोरगा, इस्त्रीचा शर्ट, समोर दोन फोन. शकीलभाईंनी सांगितलं, आमच्या भाचीला अभ्यासिका बघायची आहे, पण तुमच्या लिस्टमध्ये तिचं नाव कसं आलं तेवढं सांगा, तिचे वडील जरा तापट आहेत. त्या पोराला यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. त्याने फोनवर फाइल उघडून आमच्यासमोर धरली.

फाइलचं नाव होतं: लातूर, लेडीज, बाहेरगाव.

रकाने मी दर शनिवारी पाठवत होते तेच. फक्त कोणी तरी गाळणी लावली होती. गाडी लेडीज. वय अठरा ते एकवीस. कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळा. एवढ्या तीन अटी लावल्या की खाली उरतात त्या लातुरात खोली करून राहणाऱ्या मुली, नावानिशी, फोन नंबरसकट. मी बोटाने यादी खाली सरकवत राहिले, संपेना. आमच्याच नाही, आणखी दोन-तीन शोरूमच्या गाड्याही दिसल्या.

पल्लवीची ओळ सापडली. सध्याच्या पत्त्यात लिहिलं होतं: दुसरा मजला, मागच्या जिन्याने वर, उजवीकडचं दार.

हे मी लिहिलं होतं. आरसी पोस्टाने घरी येते. पत्ता अर्धवट असला की पोस्टमन परत पाठवतो, मग गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. म्हणून मी प्रत्येकाला खोदून विचारते. कितवा मजला, कुठला जिना, समोर काय आहे. नांदेडला असताना शेठच्या वडिलांनी माझं कौतुक केलं होतं, हिच्या आरसी कधी परत येत नाहीत म्हणून. त्या यादीत इतरांचे पत्ते एका ओळीचे होते. सविस्तर होते ते आमच्या शोरूमचे. कोणत्याही अनोळखी माणसाने यादी बघून सरळ दारापर्यंत जावं इतके सविस्तर.

"ही लिस्ट तुमच्याशिवाय कोणाकडे आहे?" मी विचारलं. शकीलभाईंनी माझ्याकडे बघितलं, पण मी आवाज चढवला नव्हता.

"ग्रुपवर आहे ना मॅडम."

"कुठल्या ग्रुपवर?"

"मेसवाले, हॉस्टेलवाले, अभ्यासिकावाले आहेत सगळे. कोणी तरी टाकली. दोनेकशे जण असतील."

"तुम्ही मुलींच्या घरी माणूस पाठवता?"

"फोन नाही उचलला तर पॅम्फ्लेट द्यायला पाठवतो. फाटकावर नाव विचारतो आणि देतो. आत नाही जात."

"फोनवर नावाने हाक मारून गाडीचा नंबर सांगणारा तुमचाच का?"

"नाही हो मॅडम," तो खरोखर घाबरला. "आमच्या इथे फोन लेडीजच करतात."

मला ते खरं वाटलं. म्हणजे तो माणूस दोनेकशे जणांतला कोणी तरी होता, किंवा त्यांच्या ओळखीचा कोणी तरी. ते आता कधीच कळणार नव्हतं. मी त्याच्या फोनच्या पडद्याचा माझ्या फोनने फोटो काढून घेतला. पुढच्या ओळींचेही काढले. त्याने विचारलं, कशाला? शकीलभाई म्हणाले, "तापट बाप है ना बेटा, उनको दिखाना पडता."

खाली उतरून गाडीला किक मारताना शकीलभाई म्हणाले, "मॅडम, मेरी नवासी का भी स्कूटी का फॉर्म तुम्हीच भरला होता."

"तुमच्या नातीचे दोन्ही पत्ते एकच आहेत, शकीलभाई. ती या यादीत नाही."

"इस लिस्ट में नहीं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडची एसटी धरली. अहमदपूर, लोहा, साडेतीन तास. फोनवर शेठ हो हो म्हणतात आणि विसरतात, म्हणून समोर बसणं भाग होतं. शेठ म्हणजे मनोज. वडील गेल्यावर धंदा त्याच्याकडे आला. मी नोकरीला लागले तेव्हा तो शाळेच्या कपड्यात शोरूमच्या गाड्यांवर बसून हॉर्न वाजवायचा.

"ताई, एवढ्यासाठी धक्के खात आलात?" त्याने चहा मागवला.

मी फोटो दाखवले. त्याने बघितले आणि फोन परत दिला.

"वाईट आहे. पण ताई, हे सगळीकडेच चालतं. नंबर टाकला की गाडीवाल्याचं नाव दाखवणारी अ‍ॅप आहेत. मध्यंतरी सरकारच खासगी कंपन्यांना ही माहिती विकत देत होतं."

"ओरड झाल्यावर ते धोरण मागे घेतलं सरकारने."

"तेच म्हणतो. आपण काय सरकारपेक्षा मोठे आहोत? आणि आपल्याकडे कन्सेंट आहे. फॉर्मवर टिक आहे गिऱ्हाइकाची."

"टिक माझी आहे, मनोजशेठ. सगळ्या फॉर्मवर माझीच आहे. एकाच पेनाची."

तो चहा ढवळत राहिला. साखर आधीच विरघळली होती.

"तुम्हाला काय पाहिजे?"

"दोन गोष्टी. शनिवारची फाइल बंद. आणि लेटरहेडवर दोन ओळी. पल्लवीचा नंबर आणि पत्ता आमच्याकडून बाहेर गेला, मुलीने दिलेला नाही. तिच्या वडिलांना दाखवायला."

"लेटरहेडवर?" तो हसला. "ताई, उद्या ते पत्र घेऊन ग्राहक मंचात गेले तर? नवा कायदा आलाय डेटाचा. माझा वकील मला मारेल."

"मुलीचं शिक्षण बंद होतंय."

"मग तोंडी सांगा ना त्यांना. तुम्ही सांगितलं तर पटेल. तुमचं बोलणं पटतं लोकांना."

"आणि फाइल?"

"बघू. बोलतो मी त्या लोकांशी."

'बघू'चा अर्थ एकोणीस वर्षांत मला कळलाय. चहा पिऊन परतीची एसटी धरली. लोह्याला गाडी पंक्चर झाली. पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभी होते आणि दत्तरावांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. सरळ सांगण्यापलीकडे काही सुचलं नाही.

गुरुवारी दोघं आले. या वेळी मी पल्लवीला आधी बसवलं, मग दत्तरावांना. फाइल काढली. त्यांचा मूळ फॉर्म टेबलावर ठेवला.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"हा मोबाइल नंबर?"

"पोरीचा." त्यांना अजून कळलं नव्हतं.

"दत्तराव, तुम्ही म्हणालात नंबर तिसऱ्या माणसाजवळ नाही. तो तुम्ही मला दिलात."

"फॉर्मला दिला तो दिला धरतेत व्हय? ते तर सरकारी हाय."

"वरचा कागद सरकारी आहे. हा खालचा आमचा आहे. इथे लिहिलंय, माझी माहिती इतर कंपन्यांना द्यायला हरकत नाही. ही खूण तुम्ही केली का?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "न्हाई बा. म्या फक्त नंबर लिवला, सह्या पोरीनं केल्या. तुमी जिथं म्हनलात तिथं."

"खूण मी केली. तुम्हाला न विचारता. मग ही माहिती मीच एका कंपनीला पाठवली. त्यांच्याकडून ती गावभर गेली." मी फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला. "ही बघा तुमची मुलगी. हा नंबर. हे मागच्या जिन्याने वर, उजवीकडचं दार. हे वाक्य माझं आहे. पोरीने कोणालाही काही सांगितलेलं नाही."

दत्तरावांनी फोटो बघितला. मग वरच्या, खालच्या ओळी बघितल्या. त्यांचा ओठ हलत होता, नावं वाचत होते.

"ह्या समद्या पोरीच हायेत?"

"हाव," मी म्हटलं. त्यांच्याशी बोलताना मीही तशीच बोलायला लागले होते.

पल्लवी पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "पप्पा, त्या माणसाला उजवीकडचं दार कसं ठाऊक, हे मी तुम्हाला विचारलं होतं. तीनदा."

"विचारलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, तूच सांगितलं असशील."

दत्तरावांनी फॉर्म पुन्हा उचलला, स्वतःचं अक्षर बघितलं, खाली ठेवला. मग माझ्याकडे वळले. ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुमाला पोरी हायेत का?"

"एक आहे. पुण्याला असते."

"तिच्याकडं गाडी हाय?"

"आहे."

त्यांनी मान हलवली.

मी पोलिसांत अर्ज देऊ म्हटलं, मी स्वतः येते, लिहून देते. त्यांनी नको म्हटलं. अर्जात पोरीचं नाव जातं, नाव गेलं की गावात चार तोंडं होतात. माझा आग्रह धरण्याचा अधिकार मीच घालवला होता. मी माझ्या नावाने अर्ज दिला, त्यात मुलींची नावं घातली नाहीत. अर्ज घेतला गेला. पोच मिळाली. पुढे काही झाल्याचं माझ्या कानावर नाही.

"मंग आता?" दत्तराव स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "खोली बदलावी लागंल."

"नवीन खोलीचा पत्ता कुठेच लिहून देऊ नका. मलाही नको."

"अन् सिम?"

"तेही नवं."

"अन् गाडी?" त्यांनी किल्ली उचलली. "गाडीचा नंबर त्या ग्रुपावर हाय. ती गाडी खोलीखाली लागली की परत सापडली ना."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नंबर प्लेट बदलता येत नाही. खोली बदलेल, सिम बदलेल, पण गाडी ओळखू येणार.

शेवटी खोली बदलून झाल्यावर गाडी ते स्वतः चालवत इस्लापूरला घेऊन गेले. आकाशी रंगाची लेडीज स्कूटी, धोतराचा काष्टा, आणि पोरीचं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर बसेना म्हणून हँडलला अडकवलेलं. जुनं सिम त्यांनी स्वतःच्या फोनमध्ये घातलं. आता पल्लवीसाठी येणारे सगळे फोन गिरणीवर जातात. दत्तराव उचलतात. गिरणी चालू असताना उचलतात. पलीकडच्याला काही ऐकू येत नाही आणि हे फोन ठेवत नाहीत. मला त्यांनीच सांगितलं.

त्या गुरुवारी माझ्याकडून निघताना मात्र त्यांनी मुलीची माफी वगैरे मागितली नाही. दारापाशी थांबून विचारलं, "तुझा क्लास किती वाजता हाय?"

"अकराला होता."

"मंग चल की. उशीर झाला."

दोघं रिक्षात बसून गेले. पल्लवी लातुरात आहे. कुठे राहते ते मला माहीत नाही, आणि ते बरं आहे.

त्या शनिवारी मी फाइल पाठवली नाही. सोमवारी शेठचा फोन आला.

"ताई, फाइल गेली नाही वाटतं."

"नाही गेली."

"मग सर्व्हिसिंगचे मेसेज?"

"मी फोन करते लोकांना. पूर्वी करतच होते."

पुढे त्यांनी विचारलं नाही. सर्व्हिसिंगचे मेसेज आजही जातात, म्हणजे फाइल नांदेडहून जात असावी. विचारलं की "बंद केलंय ताई" म्हणतात. मी लातूरपुरतं एवढंच केलंय की चौकोन कोरा ठेवते आणि ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवते. दहातले नऊ लोक नको म्हणतात. दहावा म्हणतो, तुम्हीच काय ते करा मॅडम. सेल्सची पोरं वैतागतात, एका गाडीला वीस मिनिटं लागतात म्हणून. लागू देत.

यादीचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच होता. यादी परत घेता येत नाही. दूध सांडलं तर फडकं तरी मारता येतं, इथे तेही नाही. मग जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या शोरूमच्या मुलींना एकेक करून फोन लावायला घेतले. तुमचा नंबर आणि पत्ता बाहेर गेलाय, जपून राहा, घरच्यांना सांगा, एवढं सांगायला. पहिल्या वाक्याला बहुतेकींनी फोन ठेवला. एकीने विचारलं, माझा नंबर तुमच्याकडे कसा? म्हटलं, फॉर्मवर दिला होतास. ती म्हणाली, मी कोणालाच नंबर देत नाही, आणि मला ब्लॉक केलं. योग्यच केलं.

एकीने मात्र सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द बोलली नाही. मला वाटलं फोन कटला.

"हॅलो? आहेस का?"

"आहे मॅडम," ती म्हणाली. "हे तुम्ही माझ्या बाबांना सांगाल का? ते महिनाभर माझ्याशी बोलत नाहीयेत."

मी त्यांचा नंबर घेतला आणि तेव्हाच लावला. त्यानंतर प्रत्येक मुलीला मी आधी तेच विचारते, घरी सांगू का. आतापर्यंत अकरा बापांशी बोलले. चौघांनी मला शिव्या दिल्या, तिघांचा विश्वास बसला नाही, बाकीच्यांचा बसला. अजून बऱ्याच मुली उरल्या आहेत. बापांचे नंबर मी डायरीत लिहून ठेवलेत. कॉम्प्युटरवर घेतलेले नाहीत.